केशोरीची वाट आणि क्लचचे तेल

वाचकहो, केशोरीचे नाव तुमच्यापैकी अनेकांनी मिरचीच्या निमित्ताने ऐकले असेल. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोली जिल्ह्याच्या शिवेकडे हे गाव आहे. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेने यायचे तर अर्जुनीला उतरावे आणि गोठणगावची सडक धरावी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण आमच्या लाखांदूरकडच्या माणसांना ती शीव कधी जाणवली नाही. तोच धान, तीच झाडी, तीच बोली आणि सोयरीकही तिकडचीच.

माझी धाकटी लेक केशोरीला दिली आहे. मागच्या माघात तिला आठवा महिना लागला, तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आणायचे ठरले. मी आणि आमच्या सौभाग्यवती आमची जुनी डिझेल गाडी घेऊन निघालो. एका दिवसात जाऊन यायचे होते, पण तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत केशोरी गाव नीट पाहायला मिळाले, आणि पंधरा वर्षे चालवूनही जी गाडी मला कळली नव्हती ती थोडीफार कळली. दोन्ही गोष्टी तुम्हाला सांगाव्यात म्हणून हे लिहीत आहे. तुमच्या अंगणातही अशीच एखादी जुनी गाडी उभी असेल.

इटियाडोहाच्या पाण्याशेजारी

अर्जुनी सोडली की शेते मागे पडू लागतात आणि झाडी जवळ येते. साग, मोह, तेंदू, मधूनच पळस. उत्तरेकडे नवेगाव बांधचे जंगल आहे. त्या जंगलाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात गेले. इकडच्या बाजूला प्रतापगडचा डोंगर आहे. त्याच्या आसऱ्याला महादेवाचे ठाणेही आहे आणि दर्गाही, आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. आम्ही गेलो तेव्हा यात्रा तोंडावर आली होती.

गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. १९७० च्या सुमारास ते पुरे झाले. याच पाण्याच्या कालव्याने अर्जुनी, लाखांदूर, वडसा, आरमोरीकडची शेते भिजतात. म्हणून या वाटेने जाताना मी दर वेळी गाडी थांबवून पाण्याकडे पाहतो. आपल्या बांधीत येणारे पाणी कुठे साठलेले असते ते शेतकऱ्याने पाहून ठेवावे. गोठणगावच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. आपला बर्फाचा मुलूख सोडून आलेली ही माणसे आपल्या उन्हात राहिली. हिवाळ्यात त्यांच्यातले पुष्कळ जण शहरोशहरी स्वेटर विकायला जातात.

गोठणगाव मागे पडले. पुढे गुरांचा कळप आडवा आला म्हणून मी गाडी हळू केली. गुरे पांगली. दुसरा गिअर टाकावा म्हणून क्लच दाबला, तर पेडल खाली गेले आणि खालीच राहिले. गिअर काही पडेना. खर्रर्र असा आवाज तेवढा झाला. पायाने पेडल वर ओढले, पुन्हा दाबले. पुन्हा तेच. गाडी रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडे झाडी, आणि शेजारी सौभाग्यवती. ती एवढेच म्हणाली, "बरं झालं, येतानाच झालं. जाताना झालं असतं म्हणजे?"

जाताना गाडीत आठ महिन्यांची लेक असणार होती. वाचकहो, मला माघातल्या थंडीत घाम फुटला, कारण हे का झाले ते मला माहीत होते. दोन महिन्यांपासून क्लचच्या डबीतले तेल कमी होत होते. मी येता-जाता ते वरून भरत होतो आणि गाडी चालते आहे यावर खूश होतो.

पायाखाली काय चालते

पुढचे सांगण्याआधी क्लच म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इंजिन सतत फिरत असते, पण चाकांना थांबावे लागते, हळू व्हावे लागते. बैल न थांबवता औत तेवढे सुटे करावे, तशी ही सोय आहे. पेडल दाबले की इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात, सोडले की जोडले जातात. पूर्वीच्या कित्येक गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत लोखंडी सळी किंवा तार असे. पुढे त्या जागी तेल आले.

आमची गाडी सुमो आहे, १९९९ ची. ही गाडी १९९४ साली पुण्यात तयार होऊन बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. टेल्को कंपनी नावारूपाला आणणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि आडनावातला 'मो' घेऊन तिचे नाव ठेवले आहे. मुळगावकर १९८९ सालीच गेले, म्हणजे आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही. आपल्या खेड्यांत या गाडीने नवरदेव नेले, आजारी माणसे नेली, मिरचीची पोतीही नेली.

तर या गाडीत पेडलला जोडलेला एक छोटा पंप असतो आणि खाली गिअरबॉक्सच्या तोंडाशी दुसरा. आपले मिस्त्री वरच्याला 'अप्पर' म्हणतात आणि खालच्याला 'लोअर'. दोघांच्या मध्ये एक नळी. पेडल दाबले की अप्परमधला दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल नळीतून येऊन लोअरमधला दट्ट्या ढकलते, तो काट्याला रेटतो आणि क्लच सुटतो. साऱ्याचा भार तेलावर आणि ते अडवून धरणाऱ्या रबरी वाट्यांवर आहे. तेल गळाले, हवा शिरली किंवा रबर बिघडले की पेडल हवेत पाय टाकल्यासारखे खाली जाते.

त्या दिवशी मी काय केले तेही सांगतो. तेल थोडे शिल्लक होते, पण पेडल भराभर पाच-सहा वेळा मारूनही जोर येईना. मग इंजिन बंद केले, पहिला गिअर टाकला आणि तसाच सेल मारला. जुनी डिझेल गाडी अशी गिअरमध्येच चालू होऊन हलते. पुढे वेग आल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून गिअर हलकेच न्यूट्रलला काढला, क्षणभर थांबून दुसरा अलगद टेकवला. तो बसला. थांबायचे तर आधी गिअर काढायचा आणि मग ब्रेक दाबायचा. अशी युक्ती मोकळ्या रस्त्यावर जवळच्या गावापर्यंत पोचण्यापुरतीच करावी. बाजारातून, शाळेसमोरून किंवा घाटात तिचा भरवसा धरू नये. आम्ही दुसऱ्या गिअरमध्येच केशोरी गाठली.

विहीणबाईंचा निकाल

लेकीचे घर गावात शिरताच आहे. अंगणात गाडी उभी केली तशी विहीणबाई हातपाय धुवायला पाणी घेऊन आल्या. चहा झाला, आणि मग गाडीचे कळले. मी म्हणालो, "तेल भरून घेतो, हवा काढतो, उद्या सकाळी निघू." त्यांनी पदर खोचला आणि सरळ सांगितले, "इवाईजी, पोरगी पाठवाची आहे, धानाचं पोतं नाही. गाडी धड होयेपर्यंत मी तिले दाराबाहेर पाऊल ठेवू देत नाही."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पानाचा डबा पुढे केला. निकाल लागला होता. लेक आत हसत होती.

जावयाने गावातल्या मिस्त्रीला बोलावले. ट्रॅक्टर, मोटारपंप, मोटारसायकल असे सारेच पाहणारा माणूस. त्याने गाडीखाली जाण्याआधी चाकांना पुढून-मागून दगड लावले. मग दार उघडून पायाजवळचे जाजम उचलले आणि पेडलच्या वरच्या बाजूला बोट फिरवले. बोट तेलकट झाले नाही. "अप्पर बाहेरून तरी सुका आहे," तो म्हणाला. नंतर बोनेट उघडून डबीत पाहिले. तेल काळे होते, आणि ते त्याने दोन बोटांत चोळून पाहिले.

"तेल कोणतं टाकून रायले जी?"

"घरात होते ते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे."

तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग सारं खोलावं लागते."

चूक कुठे झाली

ही चूक आपल्याकडे फार होते, म्हणून ती सविस्तर सांगतो. आपल्या घरी इंजिन ऑइलचा डबा असतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या तेलाचा असतो. आपल्याला वाटते, तेल ते तेल. पण अशा गाड्यांच्या क्लचमध्ये आणि ब्रेकमध्ये जे घालतात ते ब्रेक ऑइल खनिज तेल नव्हे. त्याच्या डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे छापलेले असते. यातले रबर ब्रेक ऑइलला चालेल असे बनवलेले असते. त्याला खनिज तेल लागले, मग ते इंजिनचे असो, डिझेल असो की रॉकेल, की रबर फुगते आणि मऊ पडते. अप्परमध्ये तेल परत डबीकडे येण्यासाठी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. फुगलेली वाटी ते छिद्रही झाकून टाकते. मग तेल मोकळेपणी येत-जात नाही, आणि शेवटी रबर तेल धरतही नाही.

माझे नशीब एवढेच, की आमच्या गाडीत क्लचची डबी वेगळी आहे. काही गाड्यांत ब्रेकला आणि क्लचला एकाच डबीतून तेल जाते. तिथे हेच केले असते तर ब्रेकही गेले असते.

पण मुळात गळती का लागली? मिस्त्रीने लोअर सोडवून काढला, त्याची रबरी टोपी मागे सरकवली, तशी आतून काळी धार आली. दट्ट्या बाहेर काढला, आतला भाग फडक्याने पुसला आणि सिलिंडर उन्हाकडे धरून मला दाखवला. आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे होते. त्याने नखाने चाचपायला सांगितले. नख अडकत होते.

"हे पान्यानं खाल्लं," तो म्हणाला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. आपल्या झाडीपट्टीत पावसाळा मोठा, त्यानंतरही धानाच्या बांध्या महिना-महिना ओल्या, हवा दमट. डबीचे झाकण सैल असले, डबा उघडा ठेवलेला असला, तेल वर्षानुवर्षे बदललेले नसले, की त्यात पाणी मुरत जाते आणि सर्वांत खाली असलेल्या लोअरमध्ये ते गंज धरते. नव्या डॉट ३ तेलाला किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळी फुटते. ओल पुरेशी मुरली की हाच आकडा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ब्रेक तापतात तेव्हा याचा धोका मोठा. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलून टाकावे असे जाणते मिस्त्री सांगतात. मी पंधरा वर्षांत एकदाही बदलले नव्हते.

नख न अडकता आतली भिंत गुळगुळीत लागली तर फक्त रबराचा संच, म्हणजे 'किट', बदलून भागते. खड्डे असतील तर नवीन किटही महिन्या-दोन महिन्यांत फाटते. तिथे आख्खा लोअर नवा घ्यावा. अप्पर खोलला तेव्हा त्याची भिंत आरशासारखी निघाली, पण वाट्या फुगून मऊ झाल्या होत्या. त्याला किट पुरेसे होते. मधली रबरी नळीही त्याने बाद केली, कारण चुकीचे तेल तिच्याही आतून गेले होते.

मिरचीच्या खळ्यावर

सामान अर्जुनीला पुरते मिळाले नाही. जावई मोटारसायकलवर तसाच पुढे वडशाला गेला. तो दिवस मला केशोरी पाहायला मिळाला.

व्याह्यांबरोबर शेतावर गेलो. मिरचीची तोडणी चालू होती. बाया ओळीने वाकलेल्या, पाठीला ऊन. खळ्यावर मिरची पसरलेली, दुरून पाहिले तर जमिनीवर कुणी लाल लुगडे वाळत घातले आहे असे वाटावे. जवळ गेले की ठसका. व्याही सांगत होते, मिरची वाळवताना रात्रीच्या दवापासून जपावे लागते. वर कोरडी दिसते, आत ओल राहते, आणि पोत्यात भरली की बुरशी धरते. "वरून पाहून मिरची भराची नाही जी, देठ मोडून पहाची," ते म्हणाले. मला सकाळचा लोअर आठवला. वरून तोही धड दिसत होता.

परत येताना एका तळ्याच्या पाळीवर बसलो. आपल्या पूर्व विदर्भात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेली शेकडो तळी आहेत. नवेगावचा मोठा बांध त्यांतलाच. व्याह्यांचे वडील पाळीची राखण करायला जात. पावसाळ्यात ते हातात कंदील घेऊन पाळीच्या बाहेरच्या अंगाने फिरत, आतल्या नव्हे. तळे भरलेले आहे की नाही हे आतून दिसते, पण पाळ गळते की नाही हे बाहेरच कळते. बाहेर कुठे ओल दिसली, गवत एका जागी जास्त हिरवे दिसले, की खेकड्याचे बीळ शोधायचे आणि त्याच दिवशी माती ठोकायची. "तळ्यात पानी कमी झालं म्हणून कोणी वरून घागर ओतत नाही," व्याही म्हणाले. ते मिरचीच्या हिशेबाला लागले. मी गप्प बसलो. दोन महिने मी घागरच ओतत होतो.

दोन सिरिंजा आणि एक पोर

संध्याकाळी सामान आले. मिस्त्रीने हात साबणाने धुतले आणि फडके धुतलेले मागितले. आपण सुटे भाग नेहमी डिझेलने किंवा रॉकेलने धुतो. त्याने ते दोन्ही दूर ठेवायला लावले. सारे भाग ताज्या ब्रेक ऑइलनेच धुतले, लोखंडी नळीतूनही तेच तेल सोडून जुने काळे पार काढले. नवी रबरे तेलात बुडवून, बोटानेच बसवली. स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले तर रबराला चीर पडते आणि मेहनत वाया जाते. वाटीची कड कोणत्या बाजूला आहे हे त्याने जुनी काढतानाच पाहून ठेवले होते. ती कड तेलाच्या दाबाकडे असावी लागते. उलटी बसली तर तेल अडत नाही.

जावयाचा आठ वर्षांचा पुतण्या सारखा विचारत होता, तेल इतक्या दूर जोर कसा नेते? मिस्त्रीने घरात पडलेल्या इंजेक्शनच्या दोन सिरिंजा मागवल्या, एक बारीक आणि एक जाड, सुया नसलेल्या. सलाइनच्या नळीचा तुकडा घेऊन दोन्हींची तोंडे जोडली, आत पाणी भरले. बारीक सिरिंज दाबली की जाडीचा दट्ट्या वर येई. जाडीवर पोराने अंगठा दाबून धरला, तरी बारीक सिरिंजने त्याचा अंगठा उचलला. बारीक दट्ट्या जास्त सरकतो, जाडा थोडा सरकतो, पण जाड्याचा जोर मोठा असतो. पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात हे मांडले. मग मिस्त्रीने नळीत थोडी हवा जाऊ दिली. आता बारीक सिरिंज दाबली तर ती अर्धी आत गेली तरी दुसरी हलेना.

"पानी दबत नाही, हवा दबते," मिस्त्री म्हणाला. "आता आपल्याले गाडीतली हवा काढाची आहे."

तुमच्या घरी मुले असतील तर हा खेळ त्यांना जरूर करून दाखवा. सिरिंजा मात्र नव्या, कोऱ्या घ्या.

हवा काढणे

हे काम दोन माणसांचे आहे. तिसरे पोर असले तर उत्तम. डबी नव्या तेलाने भरली. लोअरवर हवा काढायचे छोटे निपल असते. त्यावर पारदर्शक नळी चढवली आणि नळीचे दुसरे टोक बाटलीत, थोड्या तेलात बुडवून ठेवले. बाटली पोराच्या हातात. मी पेडलवर, मिस्त्री गाडीखाली.

तो म्हणे "दाबा", की मी पेडल सावकाश शेवटपर्यंत दाबून धरायचे. तो निपल अर्धा आटा सैल करी, बाटलीत बुडबुडे येत, पोर मोठ्याने मोजी. निपल घट्ट झाले की तो म्हणे "सोडा", तेव्हाच पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. पहिल्या काही वेळा पेडल आपणहून वर येत नाही, ते हाताने वर घ्यावे लागते. आणि प्रत्येक सात-आठ वेळांनंतर डबी पाहायची. ती रिकामी झाली की वरून हवा शिरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अठरा वेळा झाले तेव्हा पोर ओरडले, "आता नाही येत!" तरी मिस्त्रीने आणखी चार वेळा केले. पेडल पायाला कडक लागू लागले. नवे तेल होते तसेच पिवळसर बाटलीत येत होते. बाटलीतले तेल त्याने परत डबीत घातले नाही. ते एका डब्यात भरून, झाकण लावून वेगळे ठेवले. हे तेल विषारी आहे, मुलांच्या आणि गुरांच्या तोंडी जाता कामा नये, विहिरीकडे किंवा शेतात तर ओतूच नये. गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उतरतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

एक खूण लक्षात ठेवा. पेडल खाली जाते, गिअर खरखरतो, ही तेलाची किंवा हवेची तक्रार. पेडल ठीक आहे, पण इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही, जळका वास येतो, तर ती क्लच प्लेटची तक्रार. तिथे तेल बदलून काही होत नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दुखणे कोणते हे ओळखल्याशिवाय खर्चात पडू नये.

परीक्षा

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई स्वतः अंगणात आल्या. मिस्त्रीने त्यांच्यासमोर परीक्षा दिली. इंजिन चालू केले, क्लच पूर्ण दाबला आणि पहिला गिअर टाकून तसाच धरून ठेवला. क्लच नीट सुटला नसेल तर गाडी हळूहळू पुढे सरकू पाहते. गाडी जागची हलली नाही. मग थोडे थांबून रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला खोट लपत नाही, जरा कुठे कसर असली की तो खरखरतो. आवाज आला नाही. शेवटी गाडीखाली एक पुठ्ठा टाकला आणि सर्वांनी जेवून घेतले. जेवणानंतर पुठ्ठा काढून त्याने तो विहीणबाईंच्या हातात दिला. पुठ्ठा कोरडा होता.

मी मजुरी विचारली. त्याने वाजवी सांगितली. वर म्हणाला, "इकडं नाटकवाल्यांच्या गाड्या रातच्या येतात. एक गाडी सडकेवर बसली तर तिकडं हजार मानूस पडद्यासमोर वाट पाहते. म्हणून मी काम तात्पुरतं करून देत नाही." दिवाळीपासून पुढे झाडीपट्टीत नाटकांचे दिवस असतात. वडशाहून कंपन्या निघतात आणि रात्रीच्या रात्री गावे गाठतात, हे इकडच्या वाचकांना सांगायला नकोच.

विहीणबाईंनी लेकीची ओटी भरली, एक पिशवी वाळलेली मिरची गाडीत ठेवली. सौभाग्यवतीने तो पुठ्ठा मागून घेतला. धरणाजवळ मी सवयीने थांबलो, तेव्हा लेकीने पाणी पाहिले आणि मी खाली वाकून लोअर पाहिला. सुका होता.

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी, तारखेच्या आधीच, रात्री दीडच्या सुमारास लेकीच्या पोटात दुखू लागले. गाडी गोठ्याच्या बाजूला, तोंड आत करून लावलेली. चालू करून रिव्हर्स टाकला. तो आवाज न करता पडला. तालुक्याच्या दवाखान्यात पहाटे नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

वाचकहो, उद्या सकाळी गाडी काढण्याआधी पायाजवळचे जाजम उचला, पेडलच्या मागे बोट फिरवा, मग खाली वाकून पाहा. डबीतले तेल कमी झालेले दिसले तर ते कुठे गेले ते आधी शोधा, मग भरा, आणि भरताना डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ यांपैकी तुमच्या गाडीला लागणारे वाचूनच भरा. आमच्या घरी आता रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा असतो. तो सौभाग्यवती टाकते आणि सकाळी तीच उचलून पाहते. त्या कामाचा भरवसा ती माझ्यावर ठेवत नाही.